जहाज गुलामवाहू ‘झाले’ नाही, केले गेले

१/ अठराव्या शतकातील जहाजांची चरित्रे वाचताना एका धाटणीचे वाक्य वारंवार समोर येते : ‘हे जहाज प्रारंभी देवमाशांच्या शिकारीवर जात असे, पुढे ते गुलामवाहू झाले.’ मागेपुढे टनभार, बांधणीचे बंदर, कप्तानांची नावे आणि शेवटी जहाज बुडाल्याचे किंवा मोडीत निघाल्याचे साल. वाचक माहिती मिळाल्याच्या समाधानात पुढच्या जहाजाकडे वळतो. हा धागा त्या वाक्यातील एका क्रियापदाविरुद्ध आहे : ‘झाले’.

२/ दूध नासते, आंबा पिकतो, ऋतू बदलतो. या गोष्टी होतात. त्यांचा कर्ता कोणी विचारत नाही. जहाज मात्र आपोआप काही होत नाही. कोणीतरी धक्क्यावर सुतार बोलावतो, त्याची मजुरी चुकती करतो, लोहाराकडे बेड्यांची मागणी नोंदवतो, कप्तानाला लेखी सूचना देतो. या प्रत्येक कृतीमागे नाव-गाव असलेला माणूस असतो. ‘झाले’ हे क्रियापद त्या सगळ्यांना एकाच वाक्यात निर्दोष सोडते.

३/ आधी जहाजाकडे पाहू. देवमाशांच्या शिकारीचे जहाज म्हणजे भक्कम, रुंद पोटाचे, महिनोन्महिने समुद्रावर राहण्याजोगे गलबत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर चरबी कढवण्याची सोय जहाजावरच होऊ लागली. त्यामुळे डेकवर मोठ्या कढया आल्या, पोटात तेलाच्या पिंपांच्या रांगा लागल्या, आणि दीर्घ सफरीसाठी पाणी, शिधा, लाकूड यांचा मोठा साठा बरोबर घेतला जाऊ लागला.

४/ गुलामांच्या व्यापाऱ्याला नेमके हेच हवे असते : ऐसपैस पोट, पुष्कळ पाणी, पुष्कळांचे अन्न शिजवण्याची भांडी. उरलेले काम सुताराचे. दोन डेकांमधल्या जागेत कडेने फळ्यांचे माळे ठोकायचे, म्हणजे माणसांना दोन थरांत निजवता येते. वरच्या डेकवर आडवी लाकडी भिंत उभारायची, म्हणजे उठाव झाल्यास खलाशांना तिच्या मागून गोळ्या झाडता येतात. दोन्ही बाजूंना जाळ्या बांधायच्या, म्हणजे कोणाला समुद्रात उडी घेता येत नाही.

५/ ही यादी नीट वाचली की एक गोष्ट कळते. भिंत आणि जाळी यांचा खर्च करणाऱ्याला पक्के ठाऊक होते की आत कोंडलेली माणसे लढतील आणि काही जण मरण पसंत करतील. ज्याला आपण निर्जीव ‘माल’ नेत आहोत असे खरोखर वाटते, तो मालाच्या बंडाची तरतूद करत नाही. साखरेच्या पोत्यांसाठी कोणी जाळ्या बांधल्या नाहीत.

६/ आता टनभार. जहाजांच्या चरित्रात हा आकडा सर्वात निरागस वाटतो. १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेने डॉल्बेन यांचा कायदा संमत केला. त्यानुसार पहिल्या २०१ टनांपर्यंत दर ३ टनांमागे ५ माणसे आणि त्यापुढे दर टनामागे १ माणूस, एवढी बंदिवानांची मर्यादा ठरली. म्हणजे ३२० टनांच्या जहाजात ४५४ माणसे. लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ जहाजाचा जो आराखडा जगभर प्रसिद्ध आहे, त्यातील आकृत्यांमागे हाच हिशेब आहे. कायद्यापूर्वीच्या एका सफरीत याच जहाजात ६०९ माणसे कोंबली होती.

७/ तेव्हा ‘३२० टन’ असे लिहून पुढे जाणारा लेखक तटस्थ राहत नाही. त्या आकड्याचे माणसांत रूपांतर करण्याचे सूत्र खुद्द त्या काळच्या कायद्यात छापलेले होते. मालकांना ते पाठ होते. ते विसरण्याची सोय आजच्या लेखकाने स्वतःसाठी करून घेतली आहे.

८/ देवमासा आणि गुलाम यांचा संबंध केवळ जहाजाच्या सांगाड्यापुरता नव्हता. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोन्ही धंद्यांचे भांडवल पुष्कळदा एकाच तिजोरीत येई. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यात मेणासारखा पदार्थ असतो. त्याला स्पर्मासेटी म्हणतात. त्याच्या मेणबत्त्या लख्ख जळत, त्यांना चरबीच्या दिव्यांसारखी दुर्गंधी येत नसे आणि उष्ण हवेत त्या मऊ पडत नसत. शिकार प्रामुख्याने नँटकेट बेटावरची जहाजे करीत. मेणबत्त्या पाडण्याचे कारखाने ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्स या बंदरांत उभे राहिले.

९/ हेच ऱ्होड आयलंड अमेरिकन वसाहतींतील गुलामव्यापाराचेही मुख्य केंद्र होते. वेस्ट इंडीजमधून काकवी यायची, इथल्या भट्ट्यांत तिची रम व्हायची, रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची, तिच्या बदल्यात माणसे घेतली जायची आणि ती माणसे पुन्हा वेस्ट इंडीजमध्ये ऊस लावायला विकली जायची. अठराव्या शतकाच्या आरंभापासून १८०७ पर्यंत या चिमुकल्या प्रदेशातील व्यापाऱ्यांच्या जहाजांनी सुमारे एक लाख आफ्रिकी माणसे वाहून नेली.

१०/ बहुतेक जहाजांविषयी कागदोपत्री दोन-चार ओळींपलीकडे काही उरलेले नाही. एका सफरीचा हिशेब मात्र जवळजवळ दिवसागणिक उरला आहे. ते जहाज म्हणजे प्रॉव्हिडन्सचे ‘सॅली’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे ब्रिगँटीन. ‘सॅली’ स्वतः देवमाशांच्या मागे गेलेली नव्हती. तिचे मालक मात्र मेणबत्त्यांच्या धंद्यातले बडे प्रस्थ होते : निकोलस, जॉन, जोसेफ आणि मोझेस हे चार ब्राऊन बंधू.

११/ ब्राऊन घराण्याचा स्पर्मासेटीचा कारखाना १७५३ पासून चालू होता. १७६१ मध्ये ऱ्होड आयलंड व आसपासच्या कारखानदारांनी एकत्र येऊन कच्च्या मालाची कमाल किंमत ठरवून घेतली. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या व्यापारी संगनमतांत त्याची गणना होते. ब्राऊन त्यात सामील होते. सांगायचे एवढेच की हे बाजाराच्या लाटेवर वाहत गेलेले भोळे लोक नव्हते. किंमत, जोखीम आणि नफा यांचा विचार ते वर्षभर आधी करीत.

१२/ सप्टेंबर १७६४ मध्ये ‘सॅली’ प्रॉव्हिडन्सहून निघाली. तिच्यात १७,२७४ गॅलन रम होती. स्पर्मासेटीच्या मेणबत्त्यांच्या पेट्या होत्या, पीठ, कॉफी आणि कांद्याच्या १,८०० जुड्या होत्या. पिस्तुले, तलवारी, साखळ्या, हातकड्या आणि बेड्याही होत्या. देवमाशाच्या डोक्यातले मेण आणि माणसाच्या पायातली बेडी एकाच मालयादीत, एकाच शाईने नोंदली गेली.

१३/ कप्तान होता इसेक हॉपकिन्स. अनुभवी दर्यावर्दी, पण गुलामांच्या सफरीवर प्रथमच निघालेला. त्याच्या मोबदल्याचा एक भाग माणसांच्या रूपातच ठरलेला होता : पोचवलेल्यांपैकी काही त्याच्या स्वतःच्या मालकीचे. नोव्हेंबरमध्ये तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला आणि नऊ महिन्यांहून अधिक काळ तिथेच राहिला. कधी एक, कधी दोन, अशी तो माणसे विकत घेत होता. आधी घेतलेली माणसे तोवर जहाजाच्या पोटात होती.

१४/ त्या नऊ महिन्यांत मृत्यू सुरू झाले. एका स्त्रीने दोन डेकांमधल्या जागेत गळफास घेतला. हॉपकिन्सची वही मृत्यू नोंदवते : पुरुष, स्त्री, मुलगा, मुलगी. नाव एकाचेही नाही. ऑगस्ट १७६५ मध्ये जहाज निघाले तेव्हा एकोणीस जण दगावले होते. विसावी एक मरणासन्न स्त्री होती. तिला किनाऱ्यावरच सोडले. वहीत ती दुभाष्याला दिलेली भेट म्हणून नोंदली आहे.

१५/ किनारा सोडून आठवडा झाला आणि २८ ऑगस्टला बंदिवान उठले. खलाशांनी गोळीबार केला. आठ जण ठार झाले, आणखी काही जबर जखमी झाले. त्यानंतर, हॉपकिन्सच्याच पत्राप्रमाणे, उरलेल्यांचे मन इतके खचले की काहींनी स्वतःला बुडवून घेतले, काहींनी अन्न सोडले आणि बाकीचे आजारी पडून मेले. हे वाक्य मारणाऱ्याने मालकांना कळवले आहे, म्हणून त्यावर अतिशयोक्तीचा आरोप करता येत नाही.

१६/ समुद्रप्रवासात ६८ जणांचा मृत्यू झाला. वेस्ट इंडीजमध्ये पोचल्यावर काही दिवसांत आणखी २० गेले. प्रॉव्हिडन्सच्या परतवाटेवर एक. हॉपकिन्सने एकूण १९६ माणसे मिळवली होती. त्यांतील किमान १०९ मेली. वाचलेल्यांची प्रकृती इतकी ढासळलेली होती की अँटिग्वात त्यांची किंमतही उतरली.

१७/ बातमी मिळाल्यावर मालकांनी कप्तानाला उत्तर पाठवले. तो स्वतः सुखरूप आहे याचे त्यांना मोठे समाधान वाटत होते, आणि त्या समाधानापुढे झालेला तोटा सोसण्याची त्यांची तयारी होती. तोटा म्हणजे गुंतवणुकीचा तोटा. मेलेल्यांविषयीचे दुःख त्या हिशेबात कुठे मांडायचे, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

१८/ इथवर आले की एक ठरलेला आक्षेप येतो : ‘त्या काळी सगळेच तसे वागत. इतिहासातील माणसांना त्यांच्या काळाच्या चौकटीत पाहावे.’ हे तत्त्व उत्तम आहे. अडचण एवढीच की ते सांगणारे ती चौकट कधी तपासत नाहीत. तेव्हा ती तपासू. १७६४ च्या प्रॉव्हिडन्समधील माणसाला काय माहीत असणे शक्य होते?

१९/ १६५२ : प्रॉव्हिडन्स आणि वॉरविक या वस्त्यांनी कायदा केला की कोणालाही दहा वर्षांहून अधिक काळ बंधनात ठेवू नये. तो पाळला गेला नाही. पण तो लिहिला गेला, तोही ‘सॅली’च्या बंदरात, तिच्या ११२ वर्षे आधी. १६८८ : पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊन येथे चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. १७१६ : नँटकेटच्या क्वेकर सभेने माणसांची खरेदी करून त्यांना जन्मभर गुलाम ठेवणे सत्याला धरून नाही असे ठरवले. ब्राऊनांच्या मेणबत्त्यांचा कच्चा माल ज्या बेटावरून येई, तेच हे नँटकेट.

२०/ आता देवमाशांच्या धंद्यातीलच एक प्रसंग. नँटकेटचे जहाजमालक विल्यम रॉच यांच्या ‘फ्रेंडशिप’ या शिकारी जहाजावर प्रिन्स बॉस्टन नावाचा कृष्णवर्णीय खलाशी होता. बेटावरचे स्वेन कुटुंब त्याच्यावर मालकी सांगत होते. या धंद्यात खलाशाला पगार नसे, सफरीच्या कमाईतला वाटा मिळे. सफर संपल्यावर कप्तान एलायशा फोल्जर याने बॉस्टनचा वाटा थेट बॉस्टनच्या हातात ठेवला. स्वेन कुटुंब न्यायालयात गेले. १७७३ मध्ये नँटकेटच्या न्यायालयाने बॉस्टनच्या बाजूने निकाल दिला आणि तो स्वतंत्र ठरला.

२१/ ‘फ्रेंडशिप’ आणि ‘सॅली’ यांच्यात अंतर दहा वर्षांचेही नाही. तोच किनारा, तोच व्यापार, तीच भाषा, तोच धर्म. एका कप्तानाने माणसाला त्याची मजुरी दिली. दुसऱ्याने मरणाऱ्या स्त्रीची भेटवस्तू केली. ‘काळच तसा होता’ या वाक्यात या दोघांपैकी नेमका कोणता कप्तान बसतो?

२२/ याहून मोठा पुरावा खुद्द ब्राऊनांच्या घरात आहे. ‘सॅली’च्या सफरीनंतर निकोलस, जोसेफ आणि मोझेस पुन्हा थेट गुलामव्यापारात उतरले नाहीत. मोझेसने पत्नीच्या निधनानंतर, १७७३ च्या अखेरीस, आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केले आणि १७७४ मध्ये क्वेकर पंथ स्वीकारला. १७८३ मध्ये प्रॉव्हिडन्सची दुसरी एक पेढी आफ्रिकेकडे जहाज धाडणार असे कळताच त्याने पत्र लिहून, स्वतःच्या पश्चात्तापाचा दाखला देऊन, तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. १७८७ मध्ये ऱ्होड आयलंडने आपल्या रहिवाशांना या व्यापाराची बंदी केली. त्यामागे मोझेस आणि त्याचे क्वेकर सहकारी होते.

२३/ जॉन थांबला नाही. ‘सॅली’चा हिशेब त्यानेही वाचला होता. १७९४ च्या संघीय कायद्याने अमेरिकन बंदरांतून परदेशी गुलामव्यापारासाठी जहाज सज्ज करण्यास मनाई केली. त्यानंतरही त्याने ‘होप’ नावाचे जहाज आफ्रिकेकडे धाडले. १७९७ मध्ये या कायद्याखाली खटला भरला गेलेला तो पहिला अमेरिकन ठरला आणि ‘होप’ सरकारजमा झाले. पुढे तो अमेरिकन काँग्रेसचा सभासद झाला आणि १८०० मध्ये गुलामव्यापारावरील निर्बंध कडक करण्यास त्याने सभागृहात विरोध केला.

२४/ एकाच आईची दोन मुले. एकच बंदर, एकच खातेवही, एकच १०९ मृत्यू. एकाने त्यातून एक अर्थ काढला, दुसऱ्याने दुसरा. काळ दोघांचाही एकच होता. काळाने जर माणसाचे वागणे ठरवले असते, तर या दोन भावांना वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडण्याचे कारण उरले नसते.

२५/ मोझेसला देवत्व देण्याचेही कारण नाही. १७९० नंतर त्याच्याच भांडवलावर पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटरची यंत्रावर सूत काढणारी गिरणी उभी राहिली, आणि अमेरिकेतील गिरण्यांचा कापूस लवकरच दक्षिणेतील गुलामांच्या श्रमांतून येऊ लागला. माणसांच्या व्यापारातून हात काढून घेणे त्याला जमले; त्या श्रमांवर उभ्या अर्थव्यवस्थेतून बाहेर पडणे जमले नाही. त्याच्या मर्यादा दाखवल्या पाहिजेत. पण त्या मर्यादांच्या आड जॉनला लपवता येत नाही.

२६/ आणि ‘त्या काळी सगळेच’ म्हणताना ‘सगळे’ म्हणजे कोण? ‘सॅली’च्या पोटातली १९६ माणसेही १७६५ मध्येच जगत होती. गुलामगिरीविषयी त्यांचे मत काय होते हे अनुमानाने ठरवावे लागत नाही. २८ ऑगस्टला त्यांनी ते नोंदवले. काळाचे मत मोजताना जहाजाच्या वरच्या डेकवरचे मूठभर जण धरायचे आणि खालचे शंभर-दीडशे वगळायचे, ही ऐतिहासिक दृष्टी नाही. ही मतमोजणीतील लबाडी आहे.

२७/ दुसरा आक्षेप : ‘आफ्रिकेतील राजे आणि व्यापारीही माणसे विकत होतेच ना?’ होते. हॉपकिन्सने ज्यांच्याकडून माणसे घेतली त्यांत स्थानिक विक्रेते होते, आणि त्यांचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे. परंतु अपराध ही एका घागरीतली पाण्यासारखी ठरावीक वस्तू नाही, की दुसऱ्याच्या पेल्यात ओतली म्हणजे आपल्या पेल्यातली कमी होते. विकणारा दोषी ठरला म्हणून विकत घेणारा सुटत नाही, आणि त्या दोघांच्या व्यवहारासाठी रम, बेड्या व जहाज पुरवणारा तर मुळीच नाही.

२८/ तिसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा : ‘हा जहाजांचा तांत्रिक इतिहास आहे, त्यात नीतीची भेसळ कशाला?’ याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील गुलामव्यापाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. व्यापारावर बंदी आल्यानंतर गस्ती नौका केवळ बंदिवान सापडण्याची वाट पाहत नसत. १८३५ च्या ब्रिटिश-स्पॅनिश करारानुसार जहाजावर पाण्याची जास्त पिंपे, मोठ्या कढया, माळ्यांसाठी फळ्या असे सामान आढळले तरी ते जप्त करता येऊ लागले. आणि असे सामान कायदेशीरपणे बाळगणारे एक जहाज होते : देवमाशांच्या शिकारीचे.

२९/ मग न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या परिसरात जुनी शिकारी जहाजे विकत घेतली जाऊ लागली. कागदावर शिकारीची सफर, प्रत्यक्षात आफ्रिकेचा किनारा. १८६२ मध्ये बॉस्टन येथे ॲपलटन ओकस्मिथ याला ‘मार्गारेट स्कॉट’ हे जुने शिकारी जहाज गुलामव्यापारासाठी सज्ज केल्याबद्दल दोषी ठरवले गेले. तो तुरुंगातून पळाला. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये नॅथॅनिएल गॉर्डन या कप्तानाला फाशी झाली. त्याच्या ‘एरी’ जहाजावर ८९७ माणसे सापडली होती, त्यांतील निम्मी मुले. गुलामव्यापाराबद्दल अमेरिकेने फासावर दिलेला तो एकमेव माणूस.

३०/ म्हणजे अपराध लपवण्याची जागा पिंप, कढई आणि फळी यांच्या तपशिलातच होती. त्या काळच्या न्यायालयांना हे कळत होते. पिंपांची संख्या हा त्यांच्यापुढचा पुरावा होता. आजचा लेखक तेच तपशील नोंदवतो आणि त्यांचा अर्थ सांगण्याचे टाळतो, तेव्हा तो तंत्राचाही इतिहास अर्धाच लिहीत असतो. जहाज कशासाठी बदलले हे सांगितल्याशिवाय ते कसे बदलले हे सांगता येत नाही.

३१/ ‘झाले’ या क्रियापदाचे लाभार्थी कोण असतात तेही पाहा. इसेक हॉपकिन्स १७७५ मध्ये बंडखोर वसाहतींच्या नव्या नौदलाचा पहिला सरसेनापती नेमला गेला. पुढे अमेरिकन युद्धनौकेला त्याचे नाव दिले गेले. ‘सॅली’ ज्या वर्षी निघाली त्याच १७६४ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये एक महाविद्यालय स्थापन झाले. १८०४ पासून ते ब्राऊन घराण्याच्या नावाने ओळखले जाते. २००३ मध्ये त्या विद्यापीठाच्या अध्यक्षा रूथ सिमन्स यांनी या इतिहासाच्या चौकशीसाठी समिती नेमली. २००६ मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा कुठे ‘सॅली’ची वही सामान्य वाचकांपर्यंत पोचली.

३२/ कागद त्याआधीही होते. अभ्यासकांना ते ठाऊकही होते. प्रश्न माहितीच्या अभावाचा नव्हता. हॉपकिन्सच्या चरित्रात नौदल ठळक अक्षरांत आणि ‘सॅली’ एखाद्या ओळीत, ही मांडणी कोणीतरी केली होती आणि पुढच्यांनी ती जशीच्या तशी उचलली होती.

३३/ हे सगळे दूरच्या महासागरातले म्हणून मराठी वाचकाला सोडून देता येणार नाही. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला, त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड मोठ्या प्रमाणावर होते. पोर्तुगीज गोव्यातील श्रीमंत घरांत मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत होते. आणि ‘काळाच्या चौकटीत पाहा’ हे वाक्य तर मराठी इतिहासचर्चेत दर आठवड्याला एकदा तरी ढालीसारखे पुढे केले जाते.

३४/ त्या चर्चेने एका सालाची आठवण ठेवावी : १८७३. जोतीराव फुले यांनी त्या वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. अर्पण जहाजमालकांना नव्हते, कप्तानांना नव्हते. पुण्यात बसलेल्या त्या लेखकाने अटलांटिकच्या इतिहासातून बरोबर ती माणसे निवडली, ज्यांनी स्वतःच्या काळाचे म्हणणे ऐकून घेतले आणि तरीही मान्य केले नाही. चौकट त्यांच्याही भोवती होतीच.

३५/ यापुढे जहाजाचे चरित्र लिहिणाऱ्याने फार काही करण्याची आवश्यकता नाही. टनभार लिहावा, बंदर लिहावे, कप्तान लिहावा. फक्त क्रियापद बदलावे आणि कर्ता परत आणावा. ‘सॅली’ची नोंद अशी होईल : निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस ब्राऊन यांनी सप्टेंबर १७६४ मध्ये हे जहाज माणसे विकत घेण्यासाठी सज्ज करून धाडले. इसेक हॉपकिन्सने १९६ माणसे मिळवली. २८ ऑगस्ट १७६५ रोजी बंदिवानांनी उठाव केला. खलाशांनी आठ जणांना ठार मारले. किमान १०९ जणांचा मृत्यू झाला. त्यांची नावे कप्तानाने लिहिली नाहीत.

(धागा समाप्त)